कासारणीचा कट्टा

नारळ पिशवीतच राहू द्या. इथं नारळ फोडत नाहीत, हळदकुंकू वाहत नाहीत. रागावून सांगत नाही हो, सगळ्यांनाच सांगावं लागतं. माणसं गाडीतून उतरतात, चपला काढतात आणि थेट त्या शिळेपुढं डोकं टेकायला जातात. सतीची शिळा म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. पण जरा नीट बघा तिच्याकडं. वर चंद्र आहे, सूर्य आहे, कोपरातून उभा केलेला हात आहे. बाकीच्या गावांतल्या शिळांवर या हातात मनगटभर चुडा कोरलेला असतो. आमच्या हातात एक बांगडी नाही. नुसतं मनगट आहे, कारण या शिळेची सती कधी गेलीच नाही.

तुम्ही बसलाय तो कट्टा मात्र खरा. याला कासारणीचा कट्टा म्हणतात. नदीला पूर आला की आठ-पंधरा दिवस पाण्याखाली जातो, पण एक दगड हललेला नाही. सांध्यांतून बोट फिरवू नका, अजून काच निघते. गेल्या साली एका प्राध्यापकाचा अंगठा कापला, मी सांगत असताना कापला. त्यांना पुरावा पाहिजे होता. मिळाला.

मी सोनाक्का, या पळसोंडी गावची कासारीण. चाळीस वर्षं झाली, गावच्या हातांत बांगड्या भरतेय. ही हकिकत मला माझ्या सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. साल विचारू नका, मला ठाऊक नाही. इंग्रज अजून यायचा होता, एवढं सांगतात.

तो वर निवडुंगाचा उंचवटा दिसतोय ना, तिथं देशमुखांची गढी होती. घरात दोन भाऊ. थोरला सुभानराव, धाकटा हैबतराव. बाप लवकर गेलेला. आई आवडाबाई, कडक बाई. तिच्या नजरेला नजर द्यायला गडीमाणसं भ्यायची, असं सांगतात. सुभानरावाचं लग्न होऊन तीन वर्षं झालेली. बायको सगुणा सतरा वर्षांची, अजून मूलबाळ नाही. घाटाखालच्या गावातून आलेली पोर, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर.

सुभानरावाला ताप आला. रणात पडला, वाघानं मारला, असं काही नाही, साधा ताप. सात दिवस उतरला नाही आणि आठव्या दिवशी सकाळी माणूस गेला. प्रेत अंगणात ठेवलं. गाव जमलं. आवडाबाईनं छाती बडवून घेतली आणि सगळ्यांसमोर सुनेला विचारलं, “पोरी, तो तर गेला. आता तू काय करणार?”

आता मला सांगा, त्या वेळी बाई काय बोलेल? कुणीही बोलेल तेच ती बोलली. रडता रडता म्हणाली, “मी पण जाते त्यांच्या मागं.” नवरा गेल्यावर कुठली बाई असं म्हणत नाही? मलाही ने, मला कुणाच्या भरवशावर टाकलंस, असं म्हणतेच माणूस. दोन दिवसांनी तीच बाई उठून पाण्याला जाते. ते बोलणं नसतं हो, ते रडणं असतं.

पण हैबतरावानं तो शब्द उचलला. तो ताडकन उठून उभा राहिला आणि म्हणाला, वहिनीसाहेबांनी सतीचं वाण घेतलं. झालं. मग कुणीतरी पुढं होऊन तिच्या पायाला हात लावला, मग दुसऱ्यानं लावला. सगुणा बघतच राहिली. काल जे लोक तिला सूनबाई म्हणत होते ते आज तिच्या पायावर डोकं ठेवत होते. अशा वेळी तोंड उघडून नाही म्हणायला सतरा वर्षांच्या पोरीकडं कुठलं बळ?

हैबतरावाला काय पडलं होतं म्हणाल, तर नदीपलीकडं पाणंदवाडीला जे देशमुख होते, त्यांच्या घरच्या तीन शिळा उभ्या होत्या. तीन सत्या. दर साली जत्रा भरायची. चार माणसांत बसलं की ते लोक आमच्या देशमुखांना हटकून विचारायचे, तुमच्या घराण्यात किती? यांच्याकडं एक नाही. हा सल होता त्याच्या मनात. सगुणाला आंघोळ घालायच्या आत त्यानं पाथरवटाला निरोप धाडला, दगड काढ म्हणून. प्रेत अंगणात आणि छिन्नीचा आवाज वेशीपर्यंत. मला सांगताना अजून राग येतो.

जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी पोथी बघून नेम सांगितले. सूर्य मावळायच्या आत अग्नी पडला पाहिजे. सतीनं स्वतःच्या पायांनी चालत जायचं, कुणी ओढायचं नाही. ओढून नेलेल्या बाईची शिळा उभी राहत नाही. वाण घेतल्यापासून अन्नाचा कण तोंडात जाता कामा नये, पाणी आणि तुळशीपान तेवढं चालेल. अन्न घेतलं की वाण उतरलं. आणि शेवटचं, तिनं सवाष्ण म्हणून जायचं, तेव्हा हिरवं लुगडं, मळवट आणि दोन्ही हात भरून नवा चुडा. अर्ध्या हातानं जाणारी बाई विधवा म्हणून जाते, तिला सती म्हणत नाहीत.

चुडा म्हटल्यावर कासारणीला बोलावणं आलं. ती बयाक्का. गावात दुसरं कासाराचं घर नव्हतं. बयाक्का पन्नाशीची, आडव्या बांध्याची, तोंडानं जरा फटकळ. आमच्या घराण्यात हा गुण तिच्यापासूनच आलाय, असं माझे सासरे म्हणायचे. नवरा भिवा, साधा माणूस, गाढवावर माल लादून बाजार करायचा. बांगड्यांचं काम सगळं बयाक्काच्या हातात होतं.

आमच्या धंद्याची रीत तुम्हाला सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बांगडी भरताना बाईचा हात आम्ही मांडीवर घेतो. तेल लावतो, बोटांची पेरं दाबतो, अंगठा आत मुडपतो आणि मग बांगडी चढवतो. एकदा हात मांडीवर घेतला की तो भरल्याशिवाय कासारणीनं उठायचं नाही, आणि तिला कुणी उठवायचंही नाही. अर्धा भरलेला हात सोडला तर त्या घराचं वाईट होतं, असं मानतात. एका कासारानं घेतलेला हात दुसरा कासार घेत नाही. आणि नवरीच्या चुड्यातली एक बांगडी वाढली, म्हणजे तुमच्या भाषेत फुटली, तर त्या हाताच्या सगळ्या उतरवायच्या आणि पहिल्यापासून भरायच्या. आम्ही फुटली म्हणत नाही.

दुपार कलली तेव्हा वाजंत्री वाजवत सगुणाला घाटावर आणली. सरण इथून वीस पावलांवर, त्या बाभळीच्या अलीकडं रचलेलं. वर सुभानराव ठेवलेला. पोरीला या कट्ट्यावर बसवली. भोवती हैबतरावाची माणसं, त्यांच्यामागं सगळं गाव. बयाक्का समोर मांडी घालून बसली आणि तिनं पोरीचा डावा हात मांडीवर घेतला.

तोवर बयाक्काच्या मनात वेगळं काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. माझी सासूही मुद्दाम सांगायची. तिला मोठी करायला नको. ती कामाला आली होती. सकाळी गावानं पाया पडून घेतलं तसं तिनंही घेतलं होतं.

पण तिनं हात दाबला आणि तो दबेना. चाळीस वर्षं मी हेच करतेय, मी सांगते तुम्हाला, बाई तोंडानं काही बोलली तरी हात खोटं बोलत नाही. लेक सासरी जायला खूश असली की हात लोण्यासारखा येतो. मनात नसलं की तीच पोर हसत बसलेली असते, पण पेरं ताठ होतात. सगुणाचा हात मुठीत वळलेला होता आणि मूठ सुटत नव्हती. बयाक्कानं तेल लावलं, एकेक बोट सोडवलं, सहा बांगड्या कशाबशा चढवल्या. सातवीला पोरीनं सरणाकडं बघितलं. मूठ पुन्हा आवळली आणि बांगडी वाढली.

लोकांत कुजबुज झाली. अपशकुन झाला म्हणाले. बयाक्कानं रीतीप्रमाणं सहाही उतरवल्या आणि पुन्हा तेल घेतलं. हात चोळता चोळता तिनं मान खाली घातली आणि फक्त पोरीला ऐकू जाईल असं विचारलं, “बाई, जायचंय ना गं तुला?”

सगुणानंही मान खाली घातली. मग म्हणाली, “मला भूक लागलीय.”

बस, एवढंच म्हणाली. मला जगू द्या असं नाही, मला भीती वाटते असं नाही. आदल्या दिवसापासून नवऱ्याच्या उशाशी बसलेली, पोटात काही नाही, आणि या लोकांनी तिला देवी करून टाकलेली. देवीला कोण विचारतंय जेवलीस का म्हणून? बयाक्काला चार लेकी होत्या. तिचे डोळे भरून आले, पण तिनं वर बघितलं नाही. असं सांगतात की ती एवढंच पुटपुटली, की हात माझ्याकडं आहे, आता मी सोडत नाही.

पहिली बांगडी आपोआप वाढली होती. दुसरी बयाक्कानं वाढवली. अंगठ्याचा नुसता दाब द्यायचा, ते आम्हाला जमतं. नऊ भरायच्या आणि दहावीला वाढवायची. पुन्हा सगळ्या उतरवायच्या, पुन्हा तेल. सूर्य खाली चाललेला. हैबतराव येरझाऱ्या घालत होता. दोनदा येऊन त्यानं विचारलं, किती राहिल्या? बयाक्का म्हणाली, राव, पोरीचा हात सुजलाय, सुजल्या हातात काच चढत नाही, तुम्ही चढवून बघा. काचेनं तिचाच तळवा फाटला होता. तेलात रक्त मिसळलेलं, म्हणे, आणि ती तेच तेल पोरीच्या हाताला लावत होती.

सूर्य त्या डोंगराला टेकला तेव्हा हातात चार बांगड्या होत्या. प्रेत रात्रभर ठेवता येत नव्हतं. जोशीबुवांनी मान हलवली आणि हैबतरावाला एकट्या भावाला अग्नी द्यावा लागला. सगुणा बसल्या जागेवरून बघत होती. नवरा जळताना बघून ती फार रडली. प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम असलं म्हणजे त्याच्याबरोबर जळायला पाहिजे, असं कुणी सांगितलंय?

लोकांना वाटलं, सुटली. पण हैबतराव सोडणारा नव्हता. त्यानं जोशीबुवांना पुन्हा पोथी काढायला लावली. जोशीबुवा भला माणूस होता, पण देशमुखांच्या शिध्यावर जगणारा. त्यांनी सांगितलं, की नवऱ्याचं पागोटं उराशी धरून बाईला मागाहून जाता येतं. मात्र तिसऱ्या दिवशी अस्थी नदीत सोडायच्या आत. एकदा अस्थी गेल्या की मग काही नाही. हैबतरावानं दुसरं सरण रचायला सांगितलं आणि कट्ट्याभोवती माणसं उभी केली. पोरीला पाण्याशिवाय काही मिळता कामा नये, आणि कासारणीनं चुडा पुरा करावा, असा हुकूम दिला.

म्हणजे आता दोन दिवस काढायचे होते. बयाक्का कट्ट्यावरून हलली नाही. पोरीचा हात तिच्या मांडीवर, आणि दमली की पोरीचं डोकंही मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बाया पाणी घेऊन आल्या. एका कुणब्याच्या सुनेनं पदराखाली भाकरी लपवून आणली होती. ती पकडली गेली, भाकरी नदीत टाकली आणि तिला हाकलून दिली. भाकरी पाण्यावर तरंगत गेली आणि पोर ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत होती, असं माझी सासू सांगायची.

दुपारी बांगड्या संपल्या. हैबतरावानं भिवाला धरून आणला. त्यानं बायकोच्या हातापाया पडून सांगितलं, अगं ऊठ, आपल्याला गावात राहायचंय, घरात लेकी आहेत. बयाक्का म्हणाली, हात भरल्याशिवाय मला उठता येत नाही, तुम्ही कासार आहात, तुम्हाला सांगायला पाहिजे का? मग हैबतरावानं त्याला दुसऱ्या गावाहून माल आणायला पिटाळलं. वाट जाऊन येऊन दोन तासांची. भिवा संध्याकाळी उगवला. गाढव लंगडत होतं म्हणाला. जन्मभर माणूस भित्रा, पण पाय कसे सावकाश टाकायचे ते त्या दिवशी त्याला बरोबर समजलं. आमच्या घरात त्याचंही नाव घेतात.

तिसरा दिवस उजाडला. पोरीला धड बसवत नव्हतं. ओठ सुकलेले, मान पडत होती. बयाक्काचे पाय सुजून मांडी सुटत नव्हती. दुपारच्या आत अस्थी सोडायच्या होत्या. सरण तयार, ताटात पागोटं ठेवलेलं. हैबतराव आला तो पाणंदवाडीचा कासार बरोबर घेऊनच. म्हणाला, हिला जमत नसेल तर हा भरेल. तो कासार म्हातारा होता. तो पुढं झाला, त्यानं बयाक्काच्या मांडीवरचा हात बघितला, तेल बघितलं, रक्त बघितलं. मग दोन्ही हात जोडून म्हणाला, की दुसऱ्याच्या मांडीवरचा हात मी घेत नाही. आणि आल्या वाटेनं निघून गेला. त्याला नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून आम्ही त्याला नुसतं पलीकडचा बाबा म्हणतो.

हैबतरावाचा तोल सुटला. त्यानं तलवार काढली आणि बयाक्काच्या मनगटावर धरली. हात सोड, नाहीतर हात जाईल, म्हणाला.

बयाक्का म्हणाली, “तोडा राव. पण तुटला तरी तो सुटायचा नाही, हिच्या हातातच राहील. मग तुमची सती कासारणीचा हात घेऊन चढवणार का सरणावर?”

तलवार तशीच धरलेली. जवळ उभ्या असलेल्या एका माणसानं पुढं सांगितलं की तिच्या मनगटावर पात्याची रेघ उमटली होती. पोरीचे डोळे मिटलेले, पण तिनं बयाक्काचा अंगठा घट्ट पकडला होता. आणि त्या वेळी गढीच्या वाटेनं आवडाबाई खाली येताना दिसली.

डोक्यावरून पांढरा पदर, हातात झाकलेलं ताट. माणसांना वाटलं, पूजेचं आणलं असेल. सासू सतीची ओटी भरते ना. त्यांनी वाट सोडली. हैबतरावानंही तलवार खाली घेतली. आवडाबाई कट्ट्यावर चढली, सुनेच्या समोर बसली आणि तिनं ताटावरचं फडकं काढलं. आत ज्वारीच्या कण्या होत्या आणि ताक होतं. वाफ येत होती.

ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात दहा दिवस चूल पेटत नाही. आवडाबाईनं पेटवली होती. स्वतःच्या हातानं कण्या शिजवल्या होत्या. तिच्या कानावर ते गेलं होतं ना. पाणी घेऊन गेलेल्या बायांना बयाक्कानं सांगितलं होतं की पोर भूक लागली म्हणते. बायांनी ते गढीवर पोचवलं. दोन दिवस आवडाबाई कोपऱ्यात तोंड करून बसली होती. तिसऱ्या दिवशी उठून तिनं चुलीत लाकूड घातलं.

तिनं घास कालवला आणि पोरीच्या तोंडाशी नेला. हैबतराव ओरडत धावला. आवडाबाईनं त्याच्याकडं मान वळवली आणि जे बोलली ते आमच्या गावात शब्दाला शब्द ठेवलंय. ती म्हणाली, “हैबती, तुझा बाप गेला तेव्हा तू सहा महिन्यांचा माझ्या पोटात होतास, म्हणून मला ठेवली. तुझ्यामुळं मी राहिले. माझं सरण रचायला काढलेली लाकडं पुढं तुझ्या बाळंतपणात पाणी तापवायला जाळली. आणि हिला काय करणार म्हणून विचारलं ते मी. माझ्या तोंडाचं पाप आहे ते. आता तू मधे पडू नकोस.”

आणि सुनेला म्हणाली, “खा बाळ.”

सगुणानं घास घेतला. पहिला नीट गिळता आला नाही. मग आवडाबाईनं ताक पाजलं आणि दुसरा दिला, तिसरा दिला. सगळं गाव नदीवर उभं राहून एका पोरीला जेवताना बघत होतं. ताट निम्मं झाल्यावर जोशीबुवांनी पोथी फडक्यात बांधली आणि म्हणाले, “अन्न घेतलं. वाण उतरलं.” दोन दिवस तेही नीट जेवले नव्हते, असं सांगतात.

आता गंमत बघा. वाण उतरलं, पण बयाक्काला उठता येईना, कारण हात भरायचा होता. रीत म्हणजे रीत. तिनं पुन्हा तेल घेतलं. पोटात अन्न गेलेलं, मूठ सुटलेली, हात अगदी मऊ झालेला. एकामागून एक बांगड्या चढत गेल्या, एक वाढली नाही. डावा झाला, उजवा झाला. सतरा वर्षांची विधवा हिरवा चुडा घालून बसलेली. हैबतराव म्हणाला, निदान त्या तरी फोडा, विधवेच्या हातात शोभतात का? तेव्हा आवडाबाईनं पदर मागं सारला आणि स्वतःचा उघडा हात बयाक्काच्या मांडीवर ठेवला. तेवीस वर्षं त्या हातात काच नव्हती. म्हणाली, माझाही भर, मग कुणाच्या फोडायच्या ते याला ठरवू दे.

बयाक्का रडली, म्हणे, ती तेव्हा. तीन दिवसांत पहिल्यांदा. आणि रडत रडत तिनं देशमुखीणबाईंचा हात भरला.

हैबतराव त्या रात्री जेवला नाही, नंतर जेवला. माणूस किती दिवस उपाशी राहणार? लोक म्हणत होते, आता कोप होईल, नदी आटेल, देशमुखांचा वंश बुडेल. नदी ही समोर वाहतेय. देशमुख पुढं खाली काळ्या रानात चांगली जमीन मिळाली म्हणून गाव सोडून गेले, अजून त्यांची नातवंडं-पतवंडं लग्नपत्रिका पाठवतात. पाथरवट चुड्याचा आकडा कळायची वाट बघत थांबला होता. हात कोरून झालेला, बांगड्या राहिलेल्या. आवडाबाईनं तो दगड तसाच उभा करायला सांगितला. फुकट कशाला घालवायचा, म्हणाली. सगुणा पुढं पुष्कळ जगली. तिच्या हातच्या कण्या गावात नावाजलेल्या होत्या, आणि दारावर आलेल्या माणसाला ती आधी पान वाढायची, मग नाव विचारायची.

त्यानंतर पळसोंडीत कुठल्या विधवेच्या बांगड्या फोडल्या गेल्या नाहीत. तालुक्याच्या गावात साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत फोडत होते, आमच्याकडं नाही. आणि आजही गावात कुणाचा नवरा गेला की तिरडीचे बांबू यायच्या आधी कासारणीला बोलावणं येतं. ती जाते, त्या बाईच्या शेजारी बसते, तिचा हात मांडीवर घेते. तोवर त्या बाईला कुणी काही विचारायचं नाही. पुढं काय करणार, कसं होणार, पोरांचं काय, एक शब्द नाही. भाऊ असो, सासू असो, सरपंच असो. पहिलं कासारणीनं विचारायचं आणि एकच गोष्ट विचारायची. बाईनं चार घास खाल्ले की मग प्रेत उचलतात. बाहेरचे पाहुणे नावं ठेवतात. ठेवू देत.

नऊ वर्षांपूर्वी आमचे हे गेले. पहाटे छातीत दुखलं आणि गाडी येईपर्यंत संपलं. मी भिंतीला टेकून बसले होते. घर माणसांनी भरलेलं, आणि सगळे माझ्याकडं बघत गप्प उभे होते. मला कळेना, हे गप्प का? मग ध्यानात आलं, कासारणीची वाट बघतायत. गावात कासारीण एकच, आणि ती मी. तेव्हा माझी सून आतून आली. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं, बांगडी भरायला नुकती शिकत होती. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं, अशा गोष्टी घाईनं कोण शिकवतं? ती माझ्याजवळ बसली आणि तिनं माझा हात मांडीवर घेतला. तिचेच हात गार पडले होते.

“आत्या, भूक लागलीय का?” तिनं विचारलं.

खरं सांगू का, मला लाज वाटली. माणूस समोर आडवा पडलेला, आणि मला पहाटेपासून भूक लागली होती. शेकडो बायांना मी हे विचारलं असेल, पण त्या प्रश्नाला उत्तर देणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, “लागलीय गं.”

आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.